पाच जणांची एकच खूण: घरभर मिळून जादूचं पुस्तक कसं वाचावं

रोज रात्री साडेनऊला आमच्याकडे जादूचं पुस्तक उघडतं. मी, हे, आई म्हणजे माझ्या सासूबाई, तेरा वर्षांचा मुलगा आणि नऊ वर्षांची मुलगी, असे पाचही जण हॉलमधल्या गादीवर जमतो. "तुमच्याकडे हे जमलं कसं?" असं ऑफिसातल्या बऱ्याच जणी विचारतात, म्हणून आमची पद्धत नीट लिहून काढते.

पहिलं पुस्तक म्हणून मी 'हॅरी पॉटर आणि परीस' सुचवेन, जादूच्या शाळेत जाणाऱ्या हॅरी नावाच्या मुलाची गोष्ट. 17च प्रकरणं आहेत, त्यामुळे शेवट आवाक्यात वाटतो. मुलं इंग्रजी शाळेत असली तरी मराठी प्रतच घ्या, कारण ऐकायला आजीही बसणार आहे. इंग्रजी नावातला फिलॉसॉफर्स स्टोन म्हणजे काय, हे मला मुलांना समजावून सांगता येत नव्हतं. मराठी नाव वाचलं आणि आई लगेच म्हणाल्या, "अगं, परीस! लोखंडाला लावला की सोनं होतं तो." मुलांनी परीस हा शब्द आयुष्यात पहिल्यांदा ऐकला. त्या रात्री पुस्तक राहिलं बाजूला आणि आजीची परिसाची गोष्ट झाली. अशा रात्री वाया गेल्या असं समजू नका, आमची खरी सुरुवात तिथूनच झाली.

पहिलं प्रकरण संथ आहे, हॅरी त्यात तान्हं बाळ असतो. म्हणून शनिवार-रविवार गाठून पहिली दोन प्रकरणं लागोपाठ वाचा. पुढे रोज एक, मोठं असेल तर अर्धं.

आता सगळ्यात महत्त्वाचा नियम. पुस्तकात खूण एकच, आणि ती पाचही जणांची. आईंनी विणलेली हिरव्या लोकरीची पट्टी आम्ही खूण म्हणून वापरतो. पट्टीच्या पुढे कुणीही एकट्याने जायचं नाही. हा नियम मी पहिल्यांदा केला नव्हता आणि त्याची किंमत मोजली. एका रविवारी दुपारी मोठ्या मुलाने गुपचूप शेवटापर्यंत वाचून टाकलं. रात्री स्नेपचं, म्हणजे त्या शाळेतल्या एका शिक्षकाचं, नाव आलं की हा गालातल्या गालात हसायचा. धाकटीने ते हेरलं, शेवट ओळखला आणि पांघरुणात तोंड खुपसून रडली. पुस्तकातला तो धक्का तिच्या वाट्याला पुन्हा कधी येणार नाही, याचं मला आजही वाईट वाटतं. तेव्हापासून पुस्तक दिवसभर आईंच्या कपाटात असतं. मोठ्याची वाचनाची भूक मोठी आहे, त्याला त्याचं वेगळं पुस्तक दिलंय. सगळ्यांचं पुस्तक मात्र सगळ्यांच्याच चालीने पुढे सरकतं.

ज्याला वाचनाची गोडी नाही, त्याला एक पात्र देऊन टाका. ह्यांनी कॉलेजनंतर कादंबरी हातात धरली नव्हती. हॅग्रिड नावाच्या धिप्पाड राखणदाराची सगळी वाक्यं मी त्यांच्याकडे दिली. आवाज मुळातच भारदस्त, दार ठोठावून आत येतानाचं वाक्य असं काही म्हणाले की धाकटी आजीला बिलगली. आता उशीर होणार असेल तर फोन येतो, "माझ्याशिवाय सुरू करू नका."

कुठे थांबायचं, ते आईंनी शिकवलं. चांदोबा मासिक 1952पासून मराठीत निघायला लागलं, आणि त्यातल्या विक्रम-वेताळाच्या गोष्टींवरच आईंचं बालपण गेलं. त्यांचं म्हणणं, वेताळासारखं थांबायचं, प्रश्न विचारून. उत्तर माहीत असून जो बोलणार नाही, त्याच्या डोक्याची शंभर शकलं! बाराव्या प्रकरणात हॅरीला मनातली सगळ्यात खोल इच्छा दाखवणाऱ्या आरशात आपले गेलेले आईवडील दिसतात. तिथे मी विचारलं, "तुम्हाला कोण दिसेल?" मोठा क्रिकेटबद्दल काहीतरी बोलला. आई जरा वेळाने म्हणाल्या, "माझी आई. चुलीपुढे बसलेली, पदर खोचलेला." मग त्या बोलतच राहिल्या, आणि मुलांनी त्यांच्या पणजीबद्दल पहिल्यांदाच इतकं ऐकलं. हे प्रकरण घाईच्या रात्री घेऊ नका.

सोळाव्या प्रकरणात सात बाटल्यांचं कोडं आहे, त्यातली पुढे नेणारी बाटली ओळखायची. सगळ्यात मोठी आणि सगळ्यात लहान बाटली ओळीत कुठे आहे, ते पुस्तकात सांगितलेलं नाही, त्यामुळे वाचणाऱ्याला ते पूर्ण सुटत नाही. घरी मांडलं की सुटतं. ओट्यावर सात भांडी ओळीने ठेवा. डावीकडून दुसरा तांब्या, म्हणजे सगळ्यात मोठं भांडं. तिसरी छोटी वाटी, सगळ्यात लहान. बाकी मधल्या मापाचे पेले. पहिल्या, चौथ्या आणि पाचव्यात मेथ्या भिजवलेलं कडू पाणी, हे विष. दुसऱ्या आणि सहाव्यात कोकम सरबत. तिसऱ्यात लिंबू सरबत, ते पुढे नेतं. सातव्यात साखरपाणी, ते मागे नेतं. सगळ्यांवर ताटल्या झाका. मग सांगा: तीन विषं, दोन कोकम, एक पुढे नेणारं, एक मागे नेणारं. प्रत्येक कोकमाच्या लगेच डावीकडे विष आहे. दोन टोकांना वेगवेगळं आहे, पण पुढे नेणारं कुठल्याच टोकाला नाही. सगळ्यात मोठ्यात आणि सगळ्यात लहानात विष नाही. डावीकडून दुसरं आणि उजवीकडून दुसरं सारखंच आहे. मोठा कागदावर तक्ते आखत बसला. धाकटीने तांब्यावर बोट ठेवलं, "यात विष नाही, म्हणजे त्या तिकडच्यातही नाही," आणि तिथून एकेक करत वाटीपर्यंत पोचली. ताटली उचलून लिंबू सरबत एका घोटात संपवलं.

सिनेमा पुस्तक संपल्यावरच, तोही आठवडाभर थांबून. पहिला 2001चा, अडीच तासांचा आहे, मध्ये पोह्यांसाठी मध्यंतर घ्या. प्रत्येकाच्या हातात कागद-पेन्सिल: पुस्तकातलं काय गाळलं? आठही सिनेमांत पीव्ह्ज नावाचं खोडकर भूत कुठेच नाही. सात बाटल्याही नाहीत. धाकटीला याचा खरा राग आला, आणि तो येऊ द्यावा. तिसऱ्या सिनेमात जादूचा नकाशा आहे, पण तो बनवणारी मंडळी कोण, हे सांगतच नाहीत. ते नुसता सिनेमा बघणाऱ्या मामाला समजावण्यात मुलांची अख्खी दुपार गेली. दुसऱ्या सिनेमात कोळी आहेत. लहान मुलं असतील तर तो दिवसाउजेडी, खिडक्या उघड्या ठेवून लावा.

आम्ही तिसऱ्या पुस्तकानंतर थांबलो. चौथं पुस्तक 37 प्रकरणांचं आहे आणि तिथून गोष्ट गडद होत जाते. धाकटी पहिल्या पुस्तकातल्या हॅरीएवढी, अकरा वर्षांची होईपर्यंत ते कपाटात आईंच्या पैठणीखाली राहील. सध्या 'हॉबिट' चालू आहे, लेखक टॉल्किन यांनी स्वतःच्या मुलांना सांगितलेली गोष्ट. घरात इंग्रजीच प्रत आहे, म्हणून मी डोळ्यांनी इंग्रजी वाचते आणि तोंडाने मराठी सांगते. दोन दिवसांत सवय होते. हिरवी पट्टी काल पाचव्या प्रकरणात ठेवली. अंधारात गोष्टीचा नायक बिल्बो आणि गुहेतला विचित्र प्राणी गोलम एकमेकांना कोडी घालायला बसले आहेत, आणि आई सकाळपासून लहानपणची कोडी आठवून आठवून वाण्याच्या यादीमागे लिहून ठेवताहेत.