संशयी कोण आणि संशयित कोण?

‘इमारतीच्या आवारात एक संशयी इसम फिरताना दिसला.’ मुद्रितशोधन करताना असं वाक्य आलं की माझं लाल पेन लगेच बाहेर निघतं. संशयी म्हणजे संशय घेणारा. या वाक्यातला बिचारा इसम सगळ्यांकडे डोळे बारीक करून बघतोय, असा त्याचा अर्थ होतो. लेखकाला अर्थातच उलटं म्हणायचं असतं.

म्हणून शब्द निवडण्याआधी एवढंच बघा: संशय कोणाच्या डोक्यात आहे? ज्याच्या डोक्यात आहे तो संशयी. त्याची खोडच तशी असेल तर संशयखोर. भांडखोर, चुगलखोर यांच्या पंगतीतला हा ‘खोर’ असल्यामुळे शब्दाला शिवीची धार येते, तेव्हा बेतानं वापरा. ज्याच्यावर संशय आहे तो संशयित. आणि जे पाहून संशय यावा ते संशयास्पद. आस्पद म्हणजे जागा, म्हणून हालचाली, व्यवहार, मृत्यू हे सारं संशयास्पद. वरच्या वाक्यातला इसमही ‘संशयास्पद रीतीने’ फिरत होता, म्हटलं की काम झालं. ‘डेंग्यूचा संशयित रुग्ण’ मात्र बरोबर आहे. तिथे संशय आजाराचा असतो आणि रुग्णाच्या चारित्र्याला धक्का लागत नाही. (‘संशयीत’ नको, ‘यि’ ऱ्हस्व ठेवायची.)

हल्ली या जागी ‘संदिग्ध व्यक्ती’ही दिसते. ती हिंदीतून आलेली पाहुणी. मराठीत संदिग्ध असतं ते उत्तर, विधान, फार तर कायद्यातलं कलम. ज्याचा नेमका अर्थ लागत नाही ते.

साशंक वेगळा. त्याला माणसाचा संशय नसतो, गोष्ट पार पडेल की नाही याची धाकधूक असते. ‘निकालाबद्दल मी साशंक आहे’ ठीक, पण ‘मी शेजाऱ्याबद्दल साशंक आहे’ कानाला खटकतं.

क्रियापदांत तर खरी गंमत आहे. संशय ‘येतो’ आणि संशय ‘घेतला’ जातो. आलेल्या संशयाला आपण जबाबदार नसतो, घेतलेल्याला असतो. म्हणूनच माणूस स्वतःविषयी सांगताना म्हणतो, ‘मला संशय आला’, आणि दुसऱ्याविषयी, ‘तो माझ्यावर संशय घेतो’. कथेत नवरा-बायकोचं भांडण लिहीत असाल तर एवढ्या एका क्रियापदावरून लेखक कोणाच्या बाजूचा आहे ते कळतं. शंकेचंही तसंच: शंका येते, विचारली जाते, आणि वैताग आला की ‘शंका काढू नकोस’. वर्गात ‘काही शंका?’ असं विचारतात, ‘काही संशय?’ नाही.

पण संशय मुळात इतका वाईट शब्द नव्हता. न्यायदर्शन म्हणजे प्राचीन भारतीय तर्कशास्त्र; त्यातल्या 16 पदार्थांत, म्हणजे विचाराच्या विषयांत, तो तिसरा आहे. लांबून काहीतरी उभं दिसतंय, तो खांब की माणूस, हे ठरत नाही, तो संशय. त्यात कोणावर आळ नाही. ‘निःसंशय’मध्ये हाच जुना अर्थ टिकलाय, आणि कोर्टाच्या ‘संशयाचा फायदा’ यातही. तिथे संशय आरोपीवरचा नसतो, गुन्हा सिद्ध झाला की नाही याविषयीचा असतो. म्हणून तर त्याचा फायदा आरोपीला मिळतो. ‘संशयाचा फायदा घेऊन आरोपी सुटला’ असं लिहिलं की त्याने काही लबाडी केली असं वाटतं. ‘संशयाचा फायदा देऊन न्यायालयाने सोडलं’ असं लिहा.

वाक्प्रचार वापरायचे असतील तर तिथेही तोच प्रश्न. पाल चुकचुकते ती बघणाऱ्याच्या मनात, पाणी मुरतं ते प्रकरणात. ‘हिशेब बघून माझ्या मनात पाल चुकचुकली’ आणि ‘या हिशेबात कुठेतरी पाणी मुरतंय’ ही दोन्ही वाक्यं चांगली, मात्र दुसऱ्यासाठी हाताशी थोडाफार पुरावा असलेला बरा.