आधी फुंक, मग बोटं: नवख्यांना क्लॅरिनेट कसं शिकवावं

मराठवाड्यात बहुतेकांनी क्लॅरिनेट ऐकलेलं असतं ते वरातीत. त्यामुळे शिकायला आलेलं लेकरू पहिल्याच दिवशी गाणं मागतं, आणि बरेच मास्तर ते देऊनही टाकतात. दीड-दोन महिन्यांत पोरगं दोन चाली वाजवू लागतं, घरचे खूश. पण खालचा ओठ दातांनी करकचून दाबलेला, गाल फुगलेले, बोटं काडीसारखी ताठ. ही खोड पुढे मोडायला वर्षं जातात. म्हणून इथे क्रम उलटा ठेवला आहे: पहिले दोन-तीन आठवडे फक्त फुंक आणि तोंड, मग बोटं, आणि गाणं त्यानंतर.

कधी आणि कुणाला

शिकवणी आषाढी एकादशीनंतर सुरू करावी. लग्नसराई थांबलेली असते, शिकवणाऱ्या बँडवाल्यांना सवड असते, आणि हवेत ओल असल्यानं रीडही (फुंकेनं थरथरून आवाज देणारी वेताची पातळ पट्टी) नीट वागते. तुळशीच्या लग्नापर्यंत चार महिने हातात असतात. मध्ये गणपतीत वर्ग मोडतोच, ते धरूनच चालावं.

वय साधारण दहाच्या पुढे. पुढचे पक्के दात आलेले हवेत आणि बोटाच्या गादीनं छिद्र पूर्ण झाकलं गेलं पाहिजे. उजव्या हाताची करंगळी आणि अनामिका ताणूनही पोचत नसतील तर सरळ वर्षभर थांबवा. तोवर पेटीवर स्वर ओळखायला शिकलं तरी वेळ फुकट जात नाही.

वाद्य आणि रीड

नवशिक्याला प्लास्टिकचं बी-फ्लॅट क्लॅरिनेट द्यावं. लाकडाचं गोड वाजतं हे खरं, पण एप्रिल-मेमध्ये आपल्याकडे पारा चाळिशीच्या पार जातो, हवा कोरडी ठणठणीत, आणि अशा हवेत लाकूड तडकतं. जुन्या बँडांकडे अजून अल्बर्ट पद्धतीची, म्हणजे चाव्यांच्या जुन्या रचनेची, वाद्यं सापडतात. आज दुकानात मिळतं ते बोएम पद्धतीचं. ती रचना पॅरिसमध्ये वादक क्लोझे आणि वाद्य बनवणारे ब्युफे यांनी १८३९ ते १८४३ च्या दरम्यान बसवली. सुरुवातीचे पाच स्वर दोन्हींवर सारख्याच बोटांनी निघतात, पुढे बोटं वेगळी पडतात. एका वर्गात दोन पद्धती ठेवू नका.

रीड दीड किंवा दोन नंबरची. वरातीत आवाज लांब जावा म्हणून मोठे वादक कडक रीड लावतात आणि तीच पोराच्याही हाती येते. ती वाजवायला पोराला चावावंच लागतं. म्हणजे चावण्याची खोड आपणच लावतो. प्रत्येकाकडे निदान तीन रीडा असाव्यात, आलटून पालटून वापरायच्या. माउथपीस, म्हणजे तोंडात धरायचा तुकडा, ज्याचा त्याचा. एकच माउथपीस चौघांच्या तोंडात फिरवणं बंद करा.

जोडणी

पहिला तास जोडणीतच जाऊ द्या. बुचाला कॉर्क ग्रीस लावा, खोबरेल नको. वरचा आणि खालचा जॉइंट जोडताना वरच्याच्या कड्या दाबून धरायच्या, म्हणजे दोघांना जोडणारी चावी उचलली जाते आणि वाकत नाही. बहुतेक वाद्यं इथेच बिघडतात.

रीड मिनिटभर तोंडात भिजवून माउथपीसच्या सपाट बाजूवर ठेवा. समोरून पाहिलं तर रीडच्या टोकावर माउथपीसची केसभर काळी कड दिसावी. लिगेचरचे (रीड धरून ठेवणाऱ्या कड्याचे) स्क्रू हलक्या हातानं आवळा.

पहिला आवाज: काळी तीन

पूर्ण वाद्य अजून हातात देऊ नका. फक्त माउथपीस आणि त्याच्या खालचा आखूड तुकडा, बॅरल.

तोंडात किती घ्यायचं हा नेहमीचा प्रश्न. त्यासाठी कागदाची पातळ पट्टी रीड आणि माउथपीसच्या फटीत सरकवा. ती जिथे अडते, तिथे रीडवर पेन्सिलीनं बारीक खूण करा. खालचा ओठ त्या खुणेशी यायला हवा. आता खालचा ओठ थोडासा दातांवर घ्या, सगळा आत गिळू नका. वरचे दात माउथपीसवर टेकवा. ओठांचे कोपरे आत, हनुवटी सपाट आणि खाली ओढलेली. हनुवटीवर संत्र्याच्या सालीसारख्या खळ्या पडल्या की समजा पोरगं चावतंय. हातात छोटा आरसा द्या, मास्तरनं दहादा सांगण्यापेक्षा त्याला स्वतःलाच दिसेल.

फुंक गार आणि वेगाची. हातावर ऊब येईल अशी हवा चालत नाही. सवयीसाठी वहीचा कागद भिंतीला लावून केवळ फुंकेच्या जोरावर तो तिथेच धरून ठेवायला सांगा. पोरं यात पैजा लावतात, लावू द्या.

माउथपीस आणि बॅरल मिळून निघणारा स्वर पेटीवर काळी तीनला (सप्तकातल्या तिसऱ्या काळ्या पट्टीला) जुळला पाहिजे. खाली उतरत असेल तर तोंड ढिलं किंवा फुंक मंद. वर चढत असेल तर चावणं चाललंय. याहून सोपी परीक्षा नाही, आणि पेटी तर गावोगावी भजनी मंडळाकडे असते. काळी तीन पंधरा सेकंद न हलता टिकली की मगच पुढे.

जिभेचं काम

जिभेचं टोक रीडच्या टोकाला ‘तू’ म्हणताना लागतं तसं अलगद लागावं. फुंक अखंड चालू. जीभ फक्त स्वराला खूण करते. पुष्कळ पोरं प्रत्येक स्वरासाठी नवी फुंक मारतात, छाती खालीवर होते. पोटावर हात ठेवला की लगेच कळतं.

पाच स्वर

आता पूर्ण वाद्य. उजव्या अंगठ्यावर वजन, नखाच्या बाजूला, पहिल्या पेराच्या अलीकडे. वाद्य अंगापासून साधारण ३० ते ४० अंशांवर. डावा अंगठा तिरका, छिद्र त्याच्या गादीनं झाकलं जाईल आणि टोक जरा वळवलं की वरची स्पीकर चावी (स्वर वरच्या पल्ल्यात नेणारी) दाबता येईल असा. बोटं वाकलेली, छिद्रावर टोक नव्हे, गादी.

तानपुरा काळी पाचवर लावा आणि सा तिथे धरा:

- सा: डावा अंगठा आणि पुढची तीन बोटं
- रे: अंगठा आणि दोन बोटं
- ग: अंगठा आणि एक बोट
- म: फक्त अंगठा
- प: सगळी छिद्रं उघडी

सुरुवात ग, रे, सा अशी उतरती करा. प ला काहीच धरायचं नसतं म्हणून तो सोपा वाटतो, पण वाद्य तोंडात हलतं आणि स्वर डळमळतो. तो शेवटी. मग सारेग, रेगम, गमप आणि उलट पमग, मगरे, गरेसा. लय संथ, तबल्याच्या ॲपवर दादरा लावला तर पोरं कंटाळत नाहीत. आता एखाद्या साध्या आरतीची चाल या पाच स्वरांत बसत असेल तर खुशाल द्या. घरी रोज वीस मिनिटं, त्यातली पहिली पाच लांब स्वरांना.

उजवा हात एकेक बोटानं वाढवत न्या. तिन्ही बोटं बसली की मंद्र पंचम निघतो. तो खोल, भरलेला वाजला तर छिद्रं नीट झाकली जात आहेत. वाद्य चिरकलं तर आधी बोट सरकलंय का पाहा, मग बाजूच्या एखाद्या चावीला हात लागतोय का, मग रीड. तोंडाला दोष सगळ्यात शेवटी द्या.

वरचा पल्ला

बासरी शिकलेलं पोर इथे गोंधळतं. बासरीत तीच बोटं ठेवून जोर वाढवला की तोच स्वर वरच्या सप्तकात मिळतो. क्लॅरिनेटमध्ये स्पीकर चावी दाबली की सा च्या बोटांवर तार सप्तकातला पंचम निघतो. पाइप दंडगोल आणि एका टोकाला तोंडानं बंद, म्हणून तो आठव्या नव्हे, बाराव्या स्वरावर उडी मारतो.

हे समजावण्यापेक्षा करून दाखवा. पोराला खालचा सा धरायला सांगा, फुंक चालू ठेवायला सांगा आणि त्याच्या नकळत तुम्ही बाजूनं स्पीकर चावी दाबा. स्वर आपोआप वर जातो. पोराला कळतं की तोंड आवळायची गरज नव्हती. मग हेच त्याच्या अंगठ्यानं, बोटं न उचलता. ध आणि कोमल नी वरून वरच्या पल्ल्यात जाताना सगळी बोटं एकदम पडावी लागतात. त्यासाठी ध आणि कोमल नी वाजवतानाच उजव्या हाताची बोटं छिद्रांवर ठेवून द्या. स्वर फारसा बदलत नाही, ओलांडणं मात्र निम्मं सोपं होतं.

वाजवून झाल्यावर

मऊ मलमलचा तुकडा दोरीला बांधून आतून ओढा. रीड पुसून सपाट डबीत ठेवा. माउथपीसवर तशीच सोडली तर उन्हाळ्यात सकाळपर्यंत टोक लाटेसारखं वाकतं. वाद्य गाडीच्या डिकीत किंवा पत्र्याच्या खोलीत ठेवू नका.

बँडमध्ये उभं करायची घाई सगळ्यांनाच असते. चालताना प्रत्येक पावलाला माउथपीस दातांवर आदळतो, आणि पोरगं तो स्थिर ठेवायला पुन्हा चावू लागतं. आधी एका जागी उभं राहून, मग अंगणात नुसता सा धरून हळूहळू चालत. चालतानाही तो सा तानपुऱ्याशी जुळून राहिला, की मिरवणुकीत मागच्या रांगेत उभं करायला हरकत नाही.