डेको डाइव्हला निघण्याआधी लिफ्ट बॅग तपासा

दिवाळीनंतर समुद्र निवळला की सांगलीत मालवणचे बेत सुरू होतात. रेग्युलेटर (टाकीतली हवा श्वासाला देणारं यंत्र) कुठला, डाइव्ह कॉम्प्युटर कुठला यावर महिनाभर खल चालतो आणि लिफ्ट बॅग, म्हणजे पाण्याखाली हवा भरली की वर जाणारी पिशवी, मात्र शेवटच्या आठवड्यात, मिळेल ती मागवतात. डेको (डीकॉम्प्रेशन) स्टॉप, म्हणजे अंगात विरघळलेला नायट्रोजन हळूहळू निघावा म्हणून वर येताना ठरलेल्या खोलीवर थांबणं, असलेली डाइव्ह करणार असाल तर सुरुवात बॅगेपासूनच करा. विजयदुर्गपासून सुमारे 105 किलोमीटर आत असलेल्या आंग्रिया बँकेसारख्या जागी किनारा दिसत नाही. पाण्यात अधांतरी थांबून प्रवाहाबरोबर वाहत असताना तुम्ही कुठे आहात, हे तांडेलाला, म्हणजे बोट चालवणाऱ्याला, तुम्ही दोरीने वर सोडलेल्या त्या बॅगेवरूनच कळतं.

आधी काम ठरवा. आपल्याकडे बऱ्याच जणांना बॅग आठवते ती कृष्णेत पडलेली मोटार काढायची म्हणून. ते काम वेगळं, त्याची बॅगही वेगळी. 40 किलो लोखंड पाण्यात साधारण 35 किलोचं भरतं, पण गाळात रुतलं असेल तर तेवढ्या ताकदीने हलत नाही. तुम्ही हवा वाढवत जाता आणि गाळ सुटला की सगळं एकदम वर धावतं. त्यासाठी वरून हवा सोडता येणारी बॅग लागते, आणि तिच्याखाली कुणी थांबायचं नसतं. डेकोला लागते ती खुणेची बॅग.

आता आकार. इथेच माझे पैसे वाया गेले. मोठी ती चांगली, असा हिशेब करून मी 45 किलो उचलणारी, खालून उघडी बॅग घेतली. हिशेब मांडायला हवा होता तो असा: 30 मीटरवर दाब 4 बार, म्हणजे पृष्ठभागाच्या चौपट असतो, म्हणजे तिथे भरलेली 6 लिटर हवा पृष्ठभागावर 24 लिटर होते. 23 किलो उचलणाऱ्या बॅगेला तेवढी पुरते. दोनतीन श्वासांचं काम, आणि हात सुटेपर्यंत ओढ फक्त 6 किलोची. 45 किलोची बॅग 6 मीटरवरून सोडायची वेळ आली तर मात्र ती पूर्ण फुगायला खालीच 28 लिटर भरावी लागते. तेवढ्यात ती तुम्हालाच घेऊन वर जाईल. आणि अर्धवट भरली तर वर जाऊन लोळत पडते, लाटेत दिसत नाही. उंच आणि निमुळती बरी. दीड ते पावणेदोन मीटरची लांबून दिसते.

तोंड बंद असलेली घ्या. बदकाच्या चोचीसारखी झडप असते, हवा आत जाते, बाहेर येत नाही. जास्तीचा दाब सोडणारा व्हॉल्व्ह आहे ना, हे दुकानातच दाबून बघा. तो नसेल तर बंद बॅग वर येताना फाटू शकते. उघड्या तोंडाची बॅग दोरी ढिली पडली की कलंडते.

हे मला तासगावजवळ मामांच्या विहिरीत कळलं. आम्ही दोघे खाली, मामा काठावर. उतरण्याआधी पंपाच्या स्टार्टरचे फ्यूज काढून मामांच्या खिशात ठेवले होते. विहिरीत सराव करणार असाल तर ही पायरी चुकवू नका. बॅग झपकन वर गेली, दोरी सैल पडली, आणि क्षणात ती पिचकून माझ्या खांद्याला घासत खाली गेली. वर आल्यावर मामा म्हणाले, "आरं, ह्यो तर उलटा पोहराच की. तोंड खाली धरून वडत ऱ्हायाचं, ढील दिली की सांडणारच." इतकं सोपं मला कुणी शिकवलं नव्हतं.

दोरी डाइव्हच्या खोलीच्या दीडपट ठेवा, कारण प्रवाहात ती तिरकी जाते. 30 मीटरला 45 मीटर. रीळ महाग आणि अडकणारं. साधं स्पूल, म्हणजे दोरी गुंडाळायची बिनमुठीची चकरी, पुरतं. सोडताना ते बोटांत सैल फिरलं पाहिजे, हुकाने अंगाला अडकवलेलं नको. दोरी कापायचं कटर उजव्या-डाव्या दोन्ही हातांना पोहोचेल असं लावा. सरावात एकदा जाड हातमोजे घालूनही स्पूल सोडून बघा, फरक कळेल.

बॅगा दोन. नारिंगी म्हणजे आम्ही इथे आहोत, पिवळी म्हणजे मदत हवी, असा संकेत बऱ्याच ठिकाणी चालतो. तुमच्या तांडेलाला तो ठाऊक आहे का, हे बंदरावरच विचारा. पिवळीसोबत निरोप लिहायला छोटी पाटी आणि पेन्सिल. दोन्ही घडी घालून मांडीच्या खिशात, एका हाताने निघतील अशा.

राहिला परतीचा घाट. उंचीवर हवेचा दाब कमी, आणि अंगात नायट्रोजन अजून उरलेला असतो. डेको डाइव्हनंतर विमानात बसायला 18 तासांहून बराच जास्त वेळ जाऊ द्यावा, असा संकेत आहे, आणि तो सुमारे 600 मीटर उंचीपासूनच लागू धरतात. आंबोली सुमारे 690 मीटरवर आहे. त्यामुळे रविवारी डाइव्ह करून संध्याकाळी आंबोलीमार्गे घरी, हे जमणार नाही. एक मुक्काम वाढवा, त्यात बॅगा गोड्या पाण्यात धुऊन, आतलं पाणी काढून, सावलीत वाळवून होतील. सोमवारची रजा मात्र बॅग मागवाल त्याच दिवशी टाकून ठेवा.