चुना-सोडा लावायच्या आधी: चामखीळ, कुरूप आणि तीळ

सांगली भागात अंगावर काही उगवलं की पहिला उपाय ठरलेला: चुना आणि धुण्याचा सोडा कालवून काडीनं लावायचा. या दोन्हींतून कॉस्टिक तयार होतं. त्यानं चामखिळीबरोबर भोवतालची चांगली कातडीही जळते, खड्डा पडतो. बिब्बाही तसाच पोळतो. वर, जळालं ते नक्की काय होतं हे तपासायलाही काही उरत नाही.

मानेवर, काखेत देठाला लोंबणारी मऊ चामखीळ विषाणूची नसते, पसरतही नाही. स्थूल आणि मधुमेही माणसांत ती जास्त दिसते. एकदम बऱ्याच आल्या तर साखर तपासून घ्या. खरखरीत, फुलकोबीसारखी दिसते ती एचपीव्ही विषाणूची. दाढीवर अशी असेल तर वस्तऱ्यानं ती रेघेत पसरते. तालमीत टॉवेल एकमेकांचा वापरू नये तो यासाठीच.

तळपायाला मात्र कुरूप की चामखीळ, हा घोळ नेहमीचा. वरची जाड कातडी हलकी घासा. कातडीच्या रेषा तिथं तुटलेल्या आणि आत बारीक काळे ठिपके दिसले तर चामखीळ. ते ठिपके म्हणजे गोठलेल्या केशवाहिन्या, काटा नव्हे, टोकरू नका. रेषा सलग असतील तर कुरूप. चामखीळ बाजूनं चिमटीत धरली की दुखते, कुरूप वरून दाबलं की.

विषाणूच्या खरखरीत चामखिळीवर १७ टक्के सॅलिसिलिक अ‍ॅसिडचं औषध मेडिकलमध्ये मिळतं. रात्री ती जागा ५ मिनिटं कोमट पाण्यात भिजवा, पुसा, पांढरी कातडी नेलफाइलनं घासा. रक्त येऊ देऊ नका. ती फाइल परत नखांना लावायची नाही. भोवती व्हॅसलीन, मधोमध एक थेंब, वाळलं की चिकटपट्टी. असं १२ आठवडे. बहुतेक जण दुसऱ्या-तिसऱ्या आठवड्यात थांबतात, कारण वरचा थर निघाला की गेली असं वाटतं. कातडीच्या रेषा पुन्हा सलग दिसेपर्यंत ती गेलेली नसते. फार आग झाली तर दोन-तीन दिवस खाडा करा.

चेहरा, गुप्तांग, तीळ आणि मधुमेहींचे पाय इथं हे औषध अजिबात नको, त्वचारोगतज्ज्ञांकडे जा. ते चामखीळ उणे १९६ अंशांच्या द्रव नायट्रोजननं गोठवतात, बहुधा दोन-तीन आठवड्यांच्या अंतरानं, किंवा विजेनं जाळतात. लहान मुलांच्या चामखिळी बऱ्याचदा दोन वर्षांत आपोआप जातात. दुखत नसतील तर घाई कशाला?

तिळावर घरी काहीच करायचं नाही. घोड्याचा केससुद्धा बांधायचा नाही. दोन बाजू सारख्या नाहीत, कडा वेड्यावाकड्या, रंग एकाहून जास्त, आकार ६ मिलिमीटरपेक्षा मोठा, किंवा काही महिन्यांत बदल झाला, खाज किंवा रक्त आलं, तर लगेच दाखवा. आपल्या वर्णाच्या माणसांत तिळाचा कर्करोग, म्हणजे मेलानोमा, क्वचितच होतो, पण झाला तर बऱ्याचदा तळपायाला, तळहाताला किंवा नखाखाली. उसाच्या फडात पायाला काही लागलं असेल म्हणून तळपायाचा वाढता काळा डाग अंगावर काढू नका. आणि असा शंकास्पद तीळ काढला, तर तो बायोप्सीला पाठवला का, हे डॉक्टरांना विचारा; रिपोर्ट जपून ठेवा.