भिंतीआतला फुटबॉल खेळायचा असेल तर

गेल्या गणपतीत अमेरिकेत, आयोवा राज्यातल्या डेमॉइनमध्ये आरती झाली आणि ओळखीच्या घरचा एक मुलगा मोदकाचं ताट घेऊन माझ्याशेजारी येऊन बसला. कॉलेजात चार वर्षं अमेरिकन फुटबॉलमध्ये कॉर्नरबॅक, म्हणजे चेंडू झेलायला धावणाऱ्याला अडवणारा बचावपटू, म्हणून खेळलेला. एनएफएलमधून, म्हणजे तिथल्या सर्वात मोठ्या व्यावसायिक लीगमधून, फोन येणार नाही हे त्याला कळून चुकलं होतं. "मावशी, इनडोअरची ट्रायआउट देऊ का?" इनडोअर म्हणजे छताखाली छोट्या मैदानात खेळायचा अमेरिकन फुटबॉल, ट्रायआउट म्हणजे संघाची निवड चाचणी. त्याची आई मागे उभी राहून मला डोळ्यांनीच 'नाही म्हण' सांगत होती. मी हो म्हटलं नाही, नाहीही म्हटलं नाही. त्याला जे सांगितलं ते इथे जरा सविस्तर लिहिते, कारण हेच विचारणारे फोन आता वर्षाला दोन-तीन तरी येतात.

मी मूळची वाळवा तालुक्यातली. कॉलेजात कबड्डी खेळायचे, उजवा कोपरा. आता आयोवात एका इनडोअर संघाची ॲथलेटिक ट्रेनर आहे. नववा सीझन झाला. घोटे बांधणं, खांदे जागेवर आहेत का बघणं, कोण खोटं बोलून मैदानात परत जातोय ते पकडणं, हे माझं काम. मुलं मला 'डॉक' म्हणतात, मी डॉक्टर नाही.

आधी मैदान समजून घे. १९८१मध्ये जिम फॉस्टर न्यूयॉर्कच्या मॅडिसन स्क्वेअर गार्डनमध्ये इनडोअर सॉकर बघत बसले होते. तिथेच त्यांनी एका पाकिटावर या खेळाचा पहिला आराखडा काढला, आणि १९८७मध्ये चार संघांची लीग सुरू झाली. जागा आइस हॉकीच्या रिंकएवढी : २०० फूट लांब, ८५ फूट रुंद. खेळायची लांबी ५० यार्ड, बाहेरच्या मैदानाच्या निम्मी. एका बाजूला अकराऐवजी आठ खेळाडू. पंट, म्हणजे चेंडू हातातून सोडून लाथेने लांब उडवणं, नाही. साइडलाइनच्या जागी गादी लावलेली भिंत. आणि रिसीव्हरला (चेंडू झेलणाऱ्याला) स्नॅपच्या, म्हणजे चेंडू खेळात येण्याच्या, आधीच दोन्ही संघांमधल्या लाइनच्या दिशेने धावत यायची मुभा. म्हणजे तू कॉर्नरबॅक म्हणून जागेवर उभा असतोस आणि समोरचा पूर्ण वेगात तुझ्या अंगावर. कबड्डीत चढाईवाला आधी धाव घेऊन मग रेषा ओलांडतो तेव्हा कोपऱ्यावर उभं राहून जे वाटतं, अगदी तेच. मागे सरकायला जागा नसते, म्हणून पाय सतत हलते ठेवावे लागतात.

आता ट्रायआउट. बहुतेक संघ हिवाळ्यात खुली ट्रायआउट घेतात आणि तिला फी असते. फी घेणं गैर नाही, हॉलचं भाडं असतं. पण शे-दोनशे मुलं बोलावून एकालाही कॅम्पला (सीझनआधीच्या सराव शिबिराला) न नेणारेही असतात. म्हणून आधी विचार : गेल्या वर्षी ट्रायआउटमधून किती जण कॅम्पला गेले? उत्तर गोलगोल आलं तर पैसे खिशातच ठेव. चाळीस यार्डांची धाव घेतील, पण माझ्या डोळ्यादेखत निवडले गेलेले बहुतेक जण शटलमध्ये आणि एकास-एकमध्ये दिसले. शटल म्हणजे पाच यार्ड एकीकडे, दहा उलटीकडे, पाच परत. या मैदानात चाळीस यार्ड सरळ पळायची वेळ कितीदा येणार?

कोचला पाठवायचा तुझ्या खेळाचा व्हिडिओ तीन-चार मिनिटांचाच कर. सगळ्यात चांगले प्ले सुरुवातीला, प्रत्येक प्लेआधी स्वतःवर बाण, आणि गाणं नको. कोच आवाज बंद करूनच बघतात. उंची-वजन खरं लिही. एक इंच वाढवून लिहिलेला मुलगा मोजपट्टीखाली उभा राहतो तेव्हा त्याचा चेहरा मी पाहिलाय.

दुसरी जागा खेळता यायला हवी, ही सगळ्यात महत्त्वाची गोष्ट. पूर्वी अरीना फुटबॉलमध्ये (फॉस्टर यांच्या लीगमध्ये) बहुतेकांना दोन्हीकडे खेळावं लागे, हल्ला आणि बचाव. तो नियम २००७मध्ये गेला, पण गरज गेली नाही. रोस्टर, म्हणजे संघातल्या खेळाडूंची यादी, छोटा आणि बसमध्ये जागा मोजून. शनिवारी एकाचा गुडघा गेला की कोच बघतो तो इथेच असलेल्यांकडे. कॉर्नरबॅक असशील तर समोरच्यांनी मारलेली किक पकडून परत पळवत आणायला शीक. फुलबॅक (मागून चेंडू घेऊन धावणारा) असशील तर लाइनवर (पुढच्या रांगेत) उभा राहून बघ.

भिंतीबद्दल जरा थांबून सांगते, कारण माझ्या टेबलावर येणारे निम्मे नवखे भिंतीमुळे येतात. नवा मुलगा काय करतो? भिंत दिसली की हात पुढे करतो. ताठ. मग मनगट, नाहीतर कोपर, नाहीतर थेट खांदा. हात पुढे करायचा नाही. कॉलेजच्या जिममध्ये भिंतीला गाद्या लावून असा सराव कर : आधी भिंतीकडे न बघता तिच्या कडेने हळू चाल, हाताची पाठ तिला लागेल एवढ्या अंतरावर. मग तसंच पळ. मग दहा पावलांवरून तिरकं ये, शेवटची तीन पावलं छोटी घे, गुडघे वाकव, हनुवटी छातीशी आण आणि खांद्याच्या मागच्या मांसल भागाने, पाठीच्या वरच्या पट्ट्याने भिंत घे. श्वास सोडत. चेंडू भिंतीपासून लांबच्या हातात. पहिले पंधरा दिवस सावकाश. कमरेपासून वरचं अंग भिंतीवरून पलीकडे गेलं तर जा, अंग ताठ करू नकोस. पहिल्या रांगेतल्या माणसाच्या नाचोजवर पडलास तर सॉरी म्हण, लोकांना तेवढ्यासाठीच ती तिकिटं हवी असतात.

टर्फ, म्हणजे कृत्रिम गवत, हे दुसरं प्रकरण. गालिच्यासारखे पट्टे काँक्रीटवर, कधी थेट बर्फाच्या वरच्या आवरणावर अंथरतात. त्यावर घसरलास की कोपराची साल निघते. मॅच संपली की साबण आणि पाण्याने धू, झाकून ठेव, दुसऱ्याचा टॉवेल वापरू नकोस. ओरडशील, पण धू. लॉकर रूममध्ये अशा उघड्या जखमांतूनच जंतुसंसर्ग पसरतो.

पैशाचं. बहुतेक ठिकाणी मॅचमागे काहीशे डॉलर मिळतात. राहायची सोय असते, ती म्हणजे चौघांत एक अपार्टमेंट, कधी मोटेल. सीझन साधारण वसंत आणि उन्हाळ्याचा, उरलेले महिने तुझे तू बघ. म्हणून करारावर सही करण्याआधी हे विचार : चेक कोणत्या वारी निघतो? दुखापत झाली तर वर्कर्स कॉम्प (कामावरच्या दुखापतीची भरपाई) आहे का, आणि ते लिहून द्याल का? मला कट केलं (संघातून काढलं) तर खोली किती दिवसांत सोडायची? माझ्या तिसऱ्या सीझनला शेजारच्या राज्यातल्या एका संघाचे चेक मधेच वटेनासे झाले आणि एक लाइनमन आमच्या पार्किंगमध्ये गाडीत झोपलेला सापडला. त्याने यातलं काही विचारलं नव्हतं, कारण विचारलं तर जागा जाईल अशी भीती होती. आईबाबांच्या आरोग्य विम्यात २६ वर्षांचा होईपर्यंत राहता येतं, तो सोडू नकोस. आणि एफ-१ (विद्यार्थी) व्हिसावर असशील तर परवानगीशिवाय पैसे घेऊन खेळायचंच नाही. आधी इमिग्रेशन वकिलाकडे जा, मग ट्रायआउटला. संघाचा मॅनेजर 'चालतं रे' म्हणेल, पण व्हिसा त्याचा नाही.

लीगचंही असंच आहे. मूळ अरीना लीगचा २००९चा सीझन झालाच नाही, २०१०ला ती पुन्हा उभी राहिली, २०१९मध्ये दिवाळखोरीत गेली. २०२४मध्ये तेच नाव घेऊन परत आली तर काही आठवड्यांतच संघ गळायला लागले. इनडोअर फुटबॉल लीग त्या मानाने २००९पासून टिकून आहे. तिच्यात जुन्या अरीनासारख्या चेंडू परत उसळवणाऱ्या जाळ्या नाहीत, तेव्हा जुन्या अरीनाचे व्हिडिओ बघून तयारी करत असशील तर तेवढं लक्षात ठेव.

आता कर्ट वॉर्नर. आयोवात राहून त्याचं नाव न घेता सुटका नाही. १९९४मध्ये एनएफएलच्या पॅकर्स संघाच्या कॅम्पमधून वगळल्यावर सीडर फॉल्सच्या हाय-व्ही दुकानात रात्री तासाला साडेपाच डॉलरवर मांडणीत माल लावायचा. मग १९९५ ते ९७ आयोवा बार्नस्टॉर्मर्स हा अरीना संघ, मग युरोपातला ॲमस्टरडॅमचा संघ, मग एनएफएलचा रॅम्स, आणि जानेवारी २०००मध्ये सुपर बोलचा (एनएफएलच्या अंतिम सामन्याचा) सर्वोत्तम खेळाडू. फ्रेड जॅक्सनही सू सिटी बँडिट्स या इनडोअर संघाकडून खेळून एनएफएलच्या बफेलो बिल्सपर्यंत पोचला. ही दोन्ही नावं पोरं आईला ऐकवतात. मला त्यातली माल लावायची रात्रपाळी महत्त्वाची वाटते. आमच्याकडचा एक सेफ्टी (मागचा बचावपटू) सकाळी सहाला शाळेची बस चालवतो, दुपारी सराव करतो. एक सेंटर (पुढच्या रांगेतला मधला खेळाडू) पाणी गरम करायचे हीटर बसवतो. तुझी दुसरी नोकरी कोणती, हे ट्रायआउटच्या फॉर्मआधी ठरव. सुट्टी देणारा मालक मिळाला तर त्याला फुकट पास दे.

त्या मुलाने विचारलं, "किती वर्षं चालेल?" माझ्या टेबलावरून गेलेल्यांपैकी बरेच दोन-तीन सीझन खेळले. त्याची आई तेव्हा जरा हसली.

निवडला गेलास तर मॅचच्या दिवशी टेपिंगला, म्हणजे घोट्याला टेप बांधून घ्यायला, वेळेवर ये. आदल्या रात्री घोट्यावरचे केस काढ, लोशन लावू नकोस, दीड इंची पांढऱ्या टेपची दोन रिळं बॅगेत असू देत, कारण बाहेरगावी माझी पेटी कधीकधी दुसऱ्या गाडीत असते. टेबलावर बसलास की पाऊल नव्वद अंशात धर आणि फोन खाली ठेव. फोन बघायला वाकलास की पाऊल सैल पडतं, टेप सुरकुततो आणि दुसऱ्या क्वार्टरला फोड येतो. किकर शेवटी, लाइनमन आधी, नवखे मधे. आणि रांगेत उभा असताना सँडविच खाऊ नकोस, टेपला मेयोनीज लागतं.