डीटीपीला लागताय? नोटपॅडपासून जपून

कॉपी-पेस्ट येतं, असं धरून चालते. बोल्ड गेलं, तळटीपा उडाल्या, समास हलले, ही रडगाणी इथे नकोत. ती निस्तरता येतात.

डीटीपीच्या, म्हणजे संगणकावर छपाईची पानं लावायच्या, कामाला लागलं की पहिला सल्ला हमखास मिळतो: मजकूर आधी नोटपॅडमधून गाळून घे, म्हणजे फॉण्टासकट सगळी सजावट निघून जाते. युनिकोड, म्हणजे प्रत्येक मराठी अक्षराला स्वतःचा कोड असलेला मजकूर, असेल तर खुशाल गाळा. पण अनेक लेखकांच्या फायली अजून श्रीलिपी किंवा कृतिदेव या जुन्या पद्धतीच्या फॉण्टांत येतात, आणि तिथे फॉण्ट काढला की मराठी अक्षरच दिसेनासं होतं. फाइलीत साठवलेले असतात इंग्रजी अक्षरांचे आणि चिन्हांचे कोड. श्रीलिपीच्या श्री-देव फॉण्टात छोट्या 'एम'च्या जागी काना बसवलेला असतो, कृतिदेवात छोट्या 'के'च्या जागी. नोटपॅडमध्ये त्याचा नुसता कचरा दिसतो.

"परत फॉण्ट लावला की झालं!" नाही हो. सगळे इथेच फसतात. मूळ फाइलीत मधेमधे खरंखुरं इंग्रजीही असतं: ईमेलचा पत्ता, औषधाचं नाव, संदर्भग्रंथ. त्याला टाइम्स न्यू रोमन लावलेला असतो. कुठला शब्द मराठी आणि कुठला इंग्रजी, याची खूण तेवढा फॉण्टच. ती पुसली गेली की जुन्या फॉण्टातला मजकूर युनिकोडात नेणारा कन्व्हर्टर ईमेलचंही मराठी करून टाकतो, आणि जाड पुस्तकात ते शोधत बसणं म्हणजे शिक्षा.

म्हणून आधी वर्डमध्ये मूळ फाइलीची प्रत काढा. फाइंड अँड रिप्लेसच्या दोन्ही चौकटी रिकाम्या ठेवा. वरच्या चौकटीला फॉरमॅटमधून टाइम्स न्यू रोमन द्या, खालचीला हायलाइट. रिप्लेस ऑल. इंग्रजी तेवढं रंगतं. एरियल किंवा कॅलिब्री असेल तर तेही असंच रंगवा. या प्रतीची पीडीएफ शेजारी उघडी ठेवूनच रूपांतराला हात घाला.

नोटपॅडमधला कचरा पाहून घाबरू नका, त्यात कोड शाबूत असतात. पानं लावायच्या इनडिझाइनमध्ये युनिकोडची वेलांटी भलतीकडे गेली तरी मजकूर धड असतो. परिच्छेदाला वर्ल्ड-रेडी कंपोझर, म्हणजे देवनागरीसारख्या लिप्या नीट जुळवणारी त्यातलीच सोय, लावून बघा. पण पानं लावायच्याच जुन्या पेजमेकरमध्ये युनिकोड चिकटवून प्रश्नचिन्हांची रांग आली, तर तो मजकूर गेलाच. त्या फाइलीतून काही परत येत नाही, मूळ फाइल शोधा.

जुन्या ऑपरेटरकडून वेग शिका, पद्धत नको. त्यांचे शॉर्टकट त्यांच्या एकाच फॉण्टपुरते असतात. त्यापेक्षा प्रूफ वाचणाऱ्यांशी गट्टी करा. जुन्या फॉण्टात ऱ्हस्व वेलांटी अक्षराच्या आधी साठवलेली असते, युनिकोडात नंतर; रफाराचं याच्या उलट. त्यामुळे रूपांतरानंतर 'आर्थिक', 'मार्मिक', 'स्थिती' असले शब्द आधी तपासायचे, हे मला प्रूफवाल्या ताईंनीच दाखवलं.