ऊसतोडीला गेलेली माणसं मोजायची कशी

बीड जिल्ह्यातल्या कित्येक वस्त्या-तांड्यांवर दिवाळीनंतर दारोदार कुलपं दिसतात, पण कागदावर गावाची लोकसंख्या बारा महिने तेवढीच. जनगणनेवर विसंबून इथं भागत नाही. 2011 ची मोजणी 9 ते 28 फेब्रुवारीला, म्हणजे ऐन गळीत हंगामात झाली. त्या वीस दिवसांत जो गावी फिरकलाच नाही, त्याची नोंद नियमाप्रमाणे तो सापडेल तिथे, उसाच्या फडाजवळच्या कोपीत, म्हणजे तात्पुरत्या झोपडीत व्हायची. 2027 ची मोजणीही फेब्रुवारीतच आहे. तेव्हा ग्रामपंचायतीनं किंवा शाळेनं आपली यादी आपणच करावी.

तीन फेऱ्या लागतात. पहिली दसऱ्याआधी, माणसं घरी असताना. दुसरी टोळ्या गेल्यावर महिनाभरानं. तिसरी गुढीपाडव्यानंतर, परतलेल्यांची. पहिली फेरी चुकली की पुढचं सगळं ऐकीव ठरतं. वेळ कमी असेल तर दुसरी आवरती घ्या, पहिली नको.

मोजणीचं एकक रेशनकार्ड नाही, चूल. एका कार्डावर तीन भावांच्या तीन चुली असतात; दोन तोडीला जातात, एक मागं राहते. चुलीगणिक प्रत्येकाचं नाव, वय, गेल्याची नि परतल्याची वेळ, कारखान्याचा तालुका आणि मागं कोण राहिलं, एवढं लिहा. मुलांची वयं 6 च्या आत आणि 6 ते 14 अशी वेगळी काढा. गरोदर बाईची नोंद न विसरता घ्या. लसीकरणाचं कार्ड तिच्यासोबत गेलं का, हेही विचारा. तारखा कुणाला आठवत नाहीत, सण आठवतात. ‘दिवाळी इथं केली का फडावर? संक्रांतीला कुठं होता?’ असं विचारलं की महिना नेमका लागतो. टोळी नेणाऱ्या मुकादमाकडून उचल, म्हणजे आगाऊ रक्कम, किती घेतली, हे मात्र विचारू नका. तो प्रश्न निघाला की पुढची उत्तरं मोजूनमापून येतात.

मुकादमाकडून कोयत्यांचा आकडा घ्या, पण केवळ पडताळ्यासाठी. कोयता म्हणजे नवरा-बायकोची जोडी. एकटा माणूस म्हणजे अर्धा कोयता. समजा, 1,400 वस्तीच्या गावातून 120 पूर्ण आणि 20 अर्धे कोयते गेले. तोडणारे झाले 260. सोबत 95 मुलं आणि ती सांभाळायला गेलेली 15 म्हातारी माणसं धरली की 370, म्हणजे गावाचा चौथा हिस्सा ओलांडला. घाईत सरसकट 140 गुणिले 2 करणाऱ्याच्या हाती 280 येतात. वीस माणसं फुकट वाढतात आणि 110 जीव यादीतून गळतात. शिवाय मुकादमाच्या टोळीत शेजारच्या गावचे कोयते असतात, आणि आपल्या गावचे काही दुसऱ्याच मुकादमाकडं.

कुलूप दिसलं म्हणून ‘स्थलांतरित’ असा शिक्का मारू नका. पुण्याला कायमचं गेलेलं घर, तोडीला गेलेलं घर आणि शेतातल्या वस्तीवर राहायला गेलेलं घर, तिघांचं कुलूप सारखंच. दोन शेजाऱ्यांना वेगवेगळं विचारा. उत्तरं जुळली नाहीत तर रकाना कोरा ठेवा नि तिसऱ्या फेरीत भरा. घरी राहिलेल्या म्हाताऱ्या आजीइतकी पक्की माहिती सहसा कुणाकडं नसते.

पडताळ्याला शाळेची जुलैची आणि डिसेंबरची हजेरी शेजारी ठेवून बघा. पटसंख्या नव्हे, पट हलतच नाही. रेशनच्या उचलीवर जाऊ नका: घरातल्या एकाच्या अंगठ्यावर सगळ्यांचं धान्य निघतं.

शेवटी महिने मोजा. राष्ट्रीय नमुना पाहणीनं 2007-08 मध्ये कामासाठी एक महिना ते सहा महिन्यांच्या आत बाहेर राहिलेल्यांना अल्पकालीन स्थलांतरित धरलं होतं. हीच व्याख्या ठेवली तर तुमचा आकडा त्या पाहणीशेजारी मांडता येईल. सहा महिने वा जास्त बाहेर असलेल्यांचा गठ्ठा वेगळा करा.

6 ते 14 वयाच्या मुलांची यादी मात्र तिसऱ्या फेरीपर्यंत अडवून ठेवू नका. पहिली फेरी संपताच मुख्याध्यापकांकडं द्या, म्हणजे टोळीचा ट्रक भरण्याआधी आईबाप तोडीला गेल्यावर मुलांना गावीच सांभाळणाऱ्या हंगामी वसतिगृहाची मागणी करता येते.